तुम्ही विचारलंत म्हणून: मुंबईला का नाही गेलात?

कार्यक्रम संपून गिटार पेटीत ठेवत असलो की कुणीतरी जवळ येऊन विचारतंच, "सर, इतकं छान वाजवता, मग मुंबईला का नाही गेलात?" परवा हुतात्मा स्मृती मंदिराच्या पायऱ्यांवर तुम्हीही तेच विचारलंत. मागे माणसं खोळंबली होती, म्हणून "जमलं नाही" एवढंच म्हणालो. ते उत्तर खरं नव्हतं. रात्रभर मला ते लागून राहिलं.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागातलं. एक खोली आणि पुढे पडवी. वडील गिरणीत विणकर, आई विड्या वळायची. वडिलांची रातपाळी असली की ते दिवसा झोपत आणि मी दिवसाच सराव करणार. पिकने, म्हणजे तार छेडायच्या प्लॅस्टिकच्या चकतीने, वाजवलं तर त्यांची झोप मोडायची, म्हणून अंगठ्याच्या मांसल भागाने वाजवू लागलो. आवाज हळू आला, आणि गोलही आला.

पुढे रेल्वे कॉलनीतल्या एका काकांनी वेस माँटगोमरी या अमेरिकन जॅझ गिटारवादकाची कॅसेट दिली. हाही माणूस अंगठ्यानेच वाजवायचा, आणि तेही घरच्यांना, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून, हे काकांनी सांगितलं तेव्हा मी कितीतरी वेळ अंगठ्याकडे बघत बसलो होतो. वेसचा जन्म १९२३ चा, इंडियानापोलिसचा. स्वरलिपी वाचता येत नव्हती. आधीच्या पिढीतला गिटारवादक चार्ली ख्रिश्चनच्या रेकॉर्डी ऐकून शिकला. १९४८ ते ५० लायनेल हॅम्प्टनच्या बँडबरोबर फिरला आणि घरी परतला. बायको, पोरंबाळं. दिवसा कारखान्यात काम, रात्री क्लबात गिटार. १९५९ मध्ये नावाजलेला सॅक्सोफोनवादक कॅननबॉल अ‍ॅडरलीने त्याला तिथल्याच क्लबात ऐकलं आणि मग जगाला तो कळला. तेव्हा वेस छत्तीस वर्षांचा होता. पुढे नऊच वर्षांनी तो गेला, तोही इंडियानापोलिसलाच.

लोक त्याची गोष्ट 'उशिरा का होईना, नाव झालं' अशी सांगतात. मला ती तशी वाटत नाही. अ‍ॅडरलीला जे ऐकू आलं ते सगळं इंडियानापोलिसातच तयार झालेलं होतं. त्याचे ते ऑक्टेव्ह बघा: एकच स्वर दोन तारांवर, एक खालचा, एक वरचा, मधली तार डाव्या हाताच्या बोटाने दाबून मुकी करायची आणि अंगठा तिन्ही तारांवरून न्यायचा. त्या मुक्या तारेपायी माझी तीन वर्षं गेली.

सोलापुरात जॅझ मी आणलं असं कुणी म्हणालं की मला अवघडल्यासारखं होतं. ते आधीच आलेलं होतं. १९५१ च्या 'अलबेला'ची गाणी गणपतीच्या मांडवात वाजायची. संगीत सी. रामचंद्रांचं, म्हणजे आपल्या पुणतांब्याच्या चितळकरांचं, आणि त्यांचे साहाय्यक होते गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट. आमच्या ऑर्केस्ट्रात ती गाणी सगळे वाजवत. त्यातली लय जॅझची आहे हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं.

ती लय मला शिकवली ढोलकीवाल्या आप्पांनी. एका तालमीत थांबून म्हणाले, "लई सरळ वाजवतोस रे. चादर विणायलास काय?" बरोबर होतं त्यांचं. आमच्या गल्लीत दिवसरात्र यंत्रमाग चालायचे. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे, सारख्याच वेळात. तोच ठोका माझ्या हातात बसला होता. जॅझमध्ये मात्रेचे दोन स्वर सारखे नसतात. मात्रेचे तीन भाग केले तर पहिला स्वर साधारण दोन भाग घेतो, दुसरा एक. लय चढली की तो फरक कमी होत जातो. हे आकडे मी नंतर वाचले. आप्पांनी केरव्याची लग्गी, म्हणजे त्या तालातला जलद, नाचरा ठेका, लावली, डोळे मिटायला सांगितलं आणि म्हणाले, "दुसरा स्वर पाय ओढत येऊ दे." तासाभराने तो आला.

आता खरं उत्तर. मी मुंबईला गेलो होतो. १९९१ साली, नऊ महिने, एका हॉटेलात वाजवायला. पगार वेळेवर मिळायचा. तिथे रेकॉर्डमध्ये आहे तसंच, स्वर न् स्वर वाजवायचं असे. साथीला माणसं चांगली होती, पण आम्ही एकमेकांचं ऐकत नव्हतो. त्याची गरजच पडत नव्हती. मग वडिलांची गिरणी बंद पडली, त्यांचे पैसे अडकले आणि मी आलो. येणं भाग होतं. पण दोन वर्षांनी घर सावरलं, हॉटेलातून पुन्हा बोलावणं आलं, तेव्हा मी नाही म्हणालो. तो निर्णय माझा होता. मला आप्पांबरोबर वाजवायचं होतं.

तेव्हापासून शिकवण्या, ऑर्केस्ट्रा, लग्नं यांवर घर चाललं. ओढाताण झाली, बायकोची माझ्यापेक्षा जास्त. तिने शिवणकाम केलं नसतं तर मला नाही म्हणता आलं नसतं.

आप्पा आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. दर रविवारी सकाळी येतात, चहा घेतात, ढोलकीची शाई बघतात आणि आम्ही ब्लूज घेतो, जॅझमधला एक ठरलेला साचा. चार मात्रांचं एक आवर्तन, अशी बारा. शेवटच्या आवर्तनात मी हात उचलतो आणि ते चार मात्रा एकटे वाजवतात. इतक्या वर्षांत ते काय वाजवणार हे मला आधी कधीच कळलेलं नाही. या रविवारी या. दहाला सुरू करतो.