चुकीच्या खोलीत

करिंथ, ग्रीस. रात्री साडेदहा.

रडू यायचं होतं ते बेमावर. तिथे आलं नाही.

जुन्या चौकातला तो दगडी चौथरा. प्रेषित पौलाला रोमन सुभेदार गल्लियोपुढे न्यायासाठी उभं केलं ते इथेच. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय १८. डेल्फीच्या शिलालेखामुळे गल्लियोचा काळ ठरतो, इ. स. ५१-५२, आणि पौलाच्या प्रवासांची बाकीची सालं त्याच खुंटीला बांधून मोजतात. सगळं पाठ आहे. पाटीवर पौलाच्या करिंथकरांस दुसऱ्या पत्रातलं वचन कोरलंय, क्षणिक, हलक्या संकटाचं. दहा मिनिटं उभी राहिले. डोक्यात काय, तर टोपी बसमध्ये राहिली. सावली नावाला नाही, दगड अकरालाच तापलेले. एवढ्या वर्षांचे मिस्सा, एवढ्या रोजऱ्या, आणि ऐनवेळी टोपी.

मग संग्रहालय, त्याच तिकिटावर. आस्क्लेपिओस या ग्रीक आरोग्यदेवाची खोली अंगणाच्या कडेला. बंद असेल तर पहारेकऱ्याला विचारायचं. न विचारणारे अपोलोच्या सात खांबांचे फोटो काढून परत जातात.

आत भाजक्या मातीचे पाय, हात, कान, डोळे, स्तन. बरेचसे खऱ्या मापाचे. बरं करणाऱ्या देवाला वाहिलेले, इ. स. पू. पाचव्या-चौथ्या शतकातले. काहींना टांगायला भोक ठेवलेलं. पाय आतून पोकळ, भरीव माती भट्टीत तडकते. देवळात जागा उरेना तेव्हा खड्डे खणून पुरले, कारण देवाला दिलेलं टाकता येत नाही. म्हणून तर उरले.

एका पायाच्या बोटांमधल्या फटी कुणीतरी अणकुचीदार काडीने ओढल्या होत्या. ओल्या मातीत, भराभर. करंगळीजवळ काडी घसरलेली.

तिथे हुंदका आला.

वांद्र्याच्या मोतमाऊलीच्या चढावर सप्टेंबरात हेच तर विकतात, मेणाचं. हात, पाय, बाळ, घर. आईसाठी किती वर्षं... असो.

पण मग मी रडले कुणापुढे? पौलापुढे कोरडी, आणि परक्या देवाच्या नवसाच्या कपाटापुढे ही गत! संध्याकाळभर हेच. त्याच पौलाने ह्याच गावाला लिहिलं, शरीर एक, अवयव पुष्कळ. डोळा हाताला ‘तुझी गरज नाही’ म्हणू शकत नाही. काहींच्या मते ते लिहिताना त्याच्या मनात हेच मातीचे अवयव होते. मला हे ओढूनताणून वाटतं. तो आला तेव्हा त्यांना पुरून साडेतीनशे वर्षं झाली होती. पण धागा जुळला असता तर माझी सुटका झाली असती, हेही खरं.

फादरना सांगायचं का? ‘फादर, मला चुकीच्या खोलीत रडू आलं.’ ते विचारतील, जेवलीस का. विचारतीलच. जेवले नव्हते.

आईला फोटो पाठवला, फ्लॅश न वापरता काढलेला, जरा अंधारा. खाली दोनच शब्द: करिंथ, पाय. वाटलं विचारेल, कुणाचा, कधीचा.

लगेच उत्तर. ‘डावा की उजवा?’

फोटो मोठा करून पाहिला. डावा. आपला उजवा होता.