जलरंगातली लग्नपत्रिका: आधी मजकूर, मग मोगरा

इंटरनेटवर दिसणाऱ्या जलरंगी पत्रिकांवर दोन नावं, तारीख आणि ठिकाण एवढंच असतं. आपल्याकडे कुलदैवतापासून सुरुवात, मग ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’, चि. आणि चि. सौ. कां., दोन्हीकडचे आजी-आजोबा, मुहूर्त, भोजनाची वेळ, निमंत्रकांची रांग आणि शेवटी बच्चेकंपनीचं ‘यायचं हं!’. शंभरावर शब्द सहज होतात. म्हणून शैली ठरवण्याआधी हा सगळा मजकूर पाच बाय सात इंचांच्या चौकटीत ११ पॉइंटमध्ये टाइप करून बघा. उरेल ती चित्राची जागा. ती बहुधा वरची दोन बोटं आणि खालचा एखादा कोपरा एवढीच असते, आणि तिथे तोरण, आंब्याची डहाळी किंवा केळीचे खांब छान बसतात. अख्ख्या कार्डभर फुलं हवीच असतील तर दुमडपत्रिका करा: चित्र बाहेर, मजकूर आत.

मजकुराच्या मागे रंगाचा वॉश, म्हणजे पाणीदार पातळ हात, द्यायचा मोह आवरा. देवनागरीत उकार, रफार, अनुस्वार हे सगळं बारीक काम. मागे रंगाचे डाग आणि ओघळ आले की ‘सु’चा ‘सू’ वाचला जातो. वॉश अगदी फिकट ठेवा आणि अक्षरं निव्वळ काळ्या शाईत. छपाईच्या चार शाया (निळी, किरमिजी, पिवळी, काळी) मिसळून केलेल्या तपकिरी अक्षरांना छपाईत रंग जरासा सरकला तरी लालसर-निळसर कडा दिसते. गडद वॉशवर पांढरी अक्षरं तर नकोच, बारीक रेघा शाईने भरून जातात.

आता मोगरा. प्रत्येकाला गजरा हवा असतो आणि नेमकं तेच सगळ्यात अवघड. पारदर्शक जलरंगात पांढरं म्हणजे कोरा सोडलेला कागद. कळी दिसते ती तिच्या मागे काहीतरी गडद असेल तेव्हाच. पांढऱ्या कार्डावर सुटा मोगरा काढला तर नुसत्या राखाडी रेघा उरतात. क्रीम कागदावर आणखी पंचाईत, कारण नेहमीच्या चार रंगांच्या छपाईत पांढरी शाई नसते. कळीला कागदाचाच रंग येतो आणि गजरा कालचा वाटतो. मोगरा घ्यायचाच तर कागद शुभ्र घ्या, पानांच्या हिरव्यात थोडा इंडिगो (गडद निळा) घालून ती गडद करा आणि कळीच्या खालच्या बाजूला पातळ निळसर-राखाडीचा एकच हात द्या. शेवंती, झेंडू, जास्वंद यांना एवढे लाड लागत नाहीत.

वाडा, देऊळ किंवा तुळशीवृंदावन हवं असेल तर सैल ओला वॉश टाळा, रेघ आणि वॉश ही शैली घ्या. रेघ मात्र वॉटरप्रूफ शाईची. साध्या फाउंटन पेनच्या शाईवर ओला ब्रश फिरला की वाड्याचे खांब विरघळतात.

राणी रंगाची पैठणी कागदावर जितकी झळाळते तितकी छापून येत नाही. ऑपेरा रोजसारखे गुलाबी रंग फ्लुरोसंट असतात, चार शाईंत ते मंद पडतात. जांभळाही मंदावतो. जरीसाठी सोनेरी जलरंग वापरला तर स्कॅनमध्ये तो चिखलासारखा तपकिरी येतो. काठाची जागा कोरी ठेवा आणि तिथे फॉईल, म्हणजे सोनेरी चकाकती पत्री, मारून घ्या. काठातल्या मुनियांच्या (पोपटांच्या) चोची फार बारीक नकोत, फॉईल तुटतं.

मूळ चित्र ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या) गुळगुळीत, म्हणजे हॉट प्रेस कागदावर, छपाईच्या दीडपट मोठं काढा. खरबरीत कागदाच्या दाण्याची सावली स्कॅनमध्ये करड्या ठिपक्यांसारखी येते. ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा आणि स्कॅनरची आपोआप रंगसुधारणा बंद ठेवा, नाहीतर फिकट कडा ‘पांढरं’ समजून ती उडवून टाकते आणि फुलं कात्रीने कापल्यासारखी दिसतात. चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा कड, सोडा. नावं ब्रशने लिहायची असतील तर वेगळ्या कागदावर लिहा. एक वेलांटी चुकली म्हणून आख्खं चित्र पुन्हा काढायला कोणाला वेळ आहे?

प्रेसवाल्याकडून प्रूफ, म्हणजे नमुना प्रत, घ्या ते खऱ्या कागदावरच. डिजिटल छपाईत खरबरीत हातकागदाच्या खळग्यांत टोनर बसत नाही, पांढरे ठिपके राहतात. जाड कार्ड क्रीजिंग न करता (घडीच्या जागी आधी दाबून खाच न पाडता) दुमडलं तर घडीवर रंग तडकतो. चकचकीत लॅमिनेशनने जलरंगाचा सगळा मऊपणा जातो. व्हॉट्सअॅपची प्रत छपाईच्या चार शायांसाठी रंग बदललेल्या फाइलवरूनच करा, म्हणजे ‘मोबाइलवर तर किती छान होती’ हे ऐकावं लागणार नाही. ती डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेली की फिकट वॉशवर पट्टे उमटतात.

चित्र कोपऱ्यात असलं तरी चारही कोपऱ्यांच्या टोकाशी बोटभर जागा रिकामी सोडायला चित्रकाराला आधीच सांगा, हळदीकुंकवाची बोटं तिथेच लागणार. लॅमिनेशन केलेल्या कार्डावर ओलं कुंकू फिसकटतं, साध्या कागदात ते मुरतं. आणि देवापुढे ठेवायची पहिली पत्रिका हाताने रंगवलेली असेल तर तिला कुंकू कोरडंच लावा: ओल्या बोटाने खालचा जलरंग पुन्हा सुटतो.