दोन म्हातारी कार्डं आणि एक कूलर

आज भरदुपारी डोक्याला दुपट्टा बांधून भाच्यासोबत सीताबर्डीला गेलो. त्याला गेमिंगसाठी जुनं ग्राफिक्स कार्ड पाहिजे होतं. दुकानदाराने काउंटरवर दोन ठेवली: २०१६ चं जीटीएक्स १०६० आणि २०१७ चं आरएक्स ५८०. दोन्ही माझ्या स्कूटरपेक्षा तरुण.

भाचा लगेच ५८० वर भाळला. "मामा, ८ जीबी मेमरी आहे ना बाप्पा! त्या १०६० मध्ये ६ च." खोटं नव्हतं. नव्या गेममध्ये टेक्स्चर, म्हणजे चित्रातला बारीक तपशील, वाढवले की ते जास्तीचे २ जीबी कामी येतात. पण ५८० खातं १८५ वॉट, १०६० चं १२० वर भागतं. आमच्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय ४५० वॉटचा, तोही कोणत्या जन्मीचा. आणि नागपूरचा मे महिना! कूलर आधीच गरम हवा फेकतो, त्यात अजून ६५ वॉटची शेगडी कोण पेटवणार?

शिवाय त्या ५८० च्या हीटसिंकमध्ये, म्हणजे गरमी बाहेर टाकणाऱ्या पात्यांमध्ये, धुळीची गादी. "मायनिंगचं आहे का भाऊ, क्रिप्टो नाणी काढायला दिवसरात्र राबवलेलं?" "नाही हो, घरचंच वापरलेलं." पंखा बोटाने फिरवला, खरखर आली. बरं, घरचंच.

१०६० घेतलं. तेही दुकानातच लावून बघितलं, कारण त्याच नावाखाली ३ जीबीचं, कमी कोअरवालं, म्हणजे कमी ताकदीचं कार्डही फिरतं.

भाचा घरी येईपर्यंत बोलला नाही. आता रात्रीचे साडेअकरा, फुल एचडीवर गेम सुरू आहे आणि ताई खालून ओरडतेय. मला.