बिल नसलेलं बियाणं, नाव नसलेली माहिती

मंडळी, इंग्लंडात शिकायला आल्यापासून निबंधातल्या मतावरून माझं आणि सरांचं कितीदा तरी वाजलंय. पण वादाआधी त्यांचा प्रश्न ठरलेला, हे आणलं कुठून?

त्यामुळे राळेगावहून चुलतभाऊ गोलूचा मेसेज आला तेव्हा मी आपसूक तेच विचारलं. "ताई, बीटी कापसावर निबंध आहे. हे टाकलं तर चालंल काय?" बीटी म्हणजे बोंडअळीला मारणारं जिवाणूचं जनुक घातलेलं वाण. सोबत अंगावर गाठी आलेल्या उंदरांचा फोटो आणि खाली 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं'.

गंमत म्हणजे फोटो खरा आहे. फ्रान्सच्या सेरालिनी यांच्या २०१२ च्या प्रयोगातला. पण तो प्रयोग जनुकबदल केलेल्या मक्यावर होता, पराटीवर, म्हणजे कापसावर नाही. प्रत्येक गटात उंदीर दहा-दहा, आणि तेही म्हातारपणी आपोआप गाठी येणाऱ्या जातीचे. ज्या जर्नलने तो लेख छापला, त्यानेच २०१३ मध्ये तो मागे घेतला आणि २०१४ मध्ये दुसऱ्या जर्नलने छापला. म्हणजे नुसतं 'जर्नलमध्ये आलंय' म्हणून भागत नाही.

स्टॅनफर्डच्या वाइनबर्ग आणि मॅकग्रू यांनी इतिहासाचे प्राध्यापक, विद्यार्थी आणि बातम्यांची सत्यता तपासणारे लोक यांना वेबसाइटी पारखायला दिल्या होत्या. तपासणारे सरस ठरले, कारण ते त्या पानावर रेंगाळलेच नाहीत. लगेच बाहेर पडून, हे चालवणारे कोण आणि बाकीचे यांच्याबद्दल काय म्हणतात, ते बघून आले. आमचे काका जूनच्या तोंडावर दुसरं काय करतात? पाकिटावरच्या टपोऱ्या बोंडाला भुलत नाहीत. मागच्या साली तो वाण कोणाच्या वावरात होता, त्याला किती उतारा आला, हे विचारून येतात. चोरबीटीवाला, म्हणजे मंजुरी नसलेलं बियाणं चोरून विकणारा, बिल देत नाही, म्हणून उगवलं नाही तर भांडायला माणूसच सापडत नाही. नाव-तारीख नसलेल्या फॉरवर्डचं तेच.

आता बियाणं कंपनीचं म्हणणं. "कंपनीचं काय खरं धरायचं बाप्पा," असं गोलू म्हणाला. मला ते अर्धंच पटतं. गुलाबी बोंडअळी पहिल्या पिढीच्या बीटीला दाद देत नाही, हे गुजरातेतल्या काही भागांबाबत २०१० मध्ये बीटीचं तंत्रज्ञान विकणाऱ्या मॉन्सॅन्टो कंपनीनेच कबूल केलं होतं. स्वतःच्या मालाविरुद्धचं बोलणं म्हणून त्याला वजन आहे. पण त्याच निवेदनात, अळीला बीटीची सवय होऊ नये म्हणून भोवती लावायच्या नॉन-बीटीच्या ओळी शेतकऱ्यांनी पुरेशा लावल्या नाहीत, हेही कारण होतं. ते खोटंच असेल असं नाही, पण तिथे दुसरा साक्षीदार हवा. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचं काय म्हणणं आहे ते बघायला त्याला सांगितलं.

सरकारी आकड्यांचंही असंच. शेतकरी आत्महत्यांचे राष्ट्रीय आकडे एनसीआरबी, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, पोलिसांच्या नोंदींवरून देते. २०१४ पासून शेतकरी आणि शेतमजूर वेगळे दाखवतात, त्यामुळे आधीची आणि नंतरची वर्षं सरळ एका ओळीत मांडता येत नाहीत. काकू पेरणीपासून वेचणीपर्यंत वावरात राबते, सातबारा मात्र काकांच्या नावावर. अशा बाईच्या नावापुढे व्यवसायाच्या रकान्यात 'गृहिणी' पडायला वेळ लागत नाही. किती नोंदी झाल्या यासाठी तो अहवाल घ्यावाच लागतो, पण बीटीमुळे किती, याचं उत्तर त्यात नाही.

आकड्याखाली एवढी तळटीप टाक म्हटलं, तर गोलू म्हणतो, "सर म्हणतील, काऊन एवढं लांबवलं?" म्हणू देत.