टाकीतला घरजावई

परवा दोघातिघांनी विचारलं की तुझ्या टाकीतल्या त्या तपकिरी भानगडीचं पुढं काय झालं, म्हणून एकदाचं सगळं लिहूनच टाकतो.

सोलापुरात रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यात जिवंत कोरल (प्रवाळ) वाढवायची टाकी, ठेवणं म्हणजे मुळातच येडेपणा आहे. समुद्र बघायचा तर रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये बसायचं आणि सकाळी मुंबईत उतरायचं, आणि मे महिन्यात जिथं ४२-४३ डिग्रीला माणसं भाजून निघतात तिथं मी २६ डिग्रीवर पाणी ठेवायला चिलर लावून बसलोय. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यातलं आरओ करून मी टाकीत घालतो, त्यावर आईचं म्हणणं की माशांना आरओ आणि आम्ही प्यायचं बोअरचं. जाऊ दे तो विषय.

फेब्रुवारीत मुंबईहून झोआचा (फुलांच्या गुच्छासारखं दिसणारं एक मऊ कोरल) एक छोटा फ्रॅग, म्हणजे लावायला तोडलेला तुकडा, मागवला, थर्माकोलच्या डब्यातून आला. तीनेक आठवड्यांनी बघतो तर फ्रॅगच्या बुडाशी एक तपकिरी फूल, नखाएवढं, आरपार दिसणारं, बारीक लांब हात पसरून बसलेलं. मी खूश, फुकटात कोरल मिळालं! लगेच फोटो काढून सगळ्यांना पाठवला. एका मित्राचा रिप्लाय, "काय बे, तण उगवलंय काय तुझ्यात?" हसलो तेव्हा, पण बरोबर तोच निघाला.

ते एप्टेजिया होतं. कोरल नाहीच, समुद्रफूल म्हणजे अ‍ॅनिमोन, आणि शेजारच्या कोरलला डंख मारून जागा बळकावणारं. ओळखायचं सोपं आहे, मला तेव्हा माहीत नव्हतं एवढंच. चिमट्याचं टोक जवळ न्या, एप्टेजिया सुटकन भोकात गायब होतं. झोआ पण मिटतो पण जागच्या जागी मिटतो, त्याचे हात आखूड असतात, चकतीच्या कडेला झालर लावल्यासारखे. हातांची टोकं फुगीर दिसली तर माजानो नावाचं दुसरं समुद्रफूल समजा, तोही त्याच जातीचा त्रास. आणि टणक कोरल असेल तर मऊ मांसाखाली चुनखडीचा सांगाडा दिसतो.

आता माझी अक्कल बघा, मी ब्लेड घेतलं आणि खरवडून काढलं. दोन आठवड्यांत एकाचे सात. पायाचा कणभर तुकडा दगडाला चिकटून राहिला तरी त्यातून नवीन उगवतं, म्हणजे मी मारत नव्हतो, पेरत होतो.

मग सल्ले सुरू झाले. एक म्हणाला दगड काढ आणि सरळ उकळ. हे कुणीही करू नका बाबांनो, त्याच दगडावर झोआ आहेत, झोआ आणि त्यांचे जातभाई पॅली यांच्यात पॅलीटॉक्सिन नावाचं विष असू शकतं आणि दगड उकळून त्या वाफेनं अख्खी घरं दवाखान्यात गेलेली आहेत. दुसरा म्हणाला मालवणला गेलास की दोन नवे दगड उचलून आण. तेही नको, आपल्या समुद्रातलं टणक कोरल उचलणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, दगडाला काय चिकटून येईल सांगता येत नाही.

शेवटी उपाय निघाला चुन्याचा. कॅल्शियम हायड्रॉक्साइडची घट्ट पेस्ट करून सिरिंजनं एप्टेजियाच्या तोंडावर सोडायची, म्हणजे ते गिळतं आणि आतून जळतं. हे ऐकून शेजारचे अण्णा उठले, खिशातली तंबाखूची चुन्याची डबी काढून म्हणाले, "हे घे की रे, त्यात काय?" चुना तोच खरा, पण त्यात आणखी काय मिसळलंय कुणास ठाऊक, म्हणून मी केमिकलच्या दुकानातून शुद्ध पावडर आणली. पंप बंद केला, हातमोजे, चष्मा, एका वेळी दोन-तीनच, कारण चुन्यानं पाण्याचा पीएच झटक्यात वर जातो. पंधरा मिनिटं थांबून पंप चालू. अण्णा शेजारी उभे राहून, "लावला चुना!"

तीन दिवसांनी सातातले दोन परत उभे. त्यांना परत चुना. पेपरमिंट कोळंबीही आणली, ती छोटी एप्टेजिया खाते, मोठ्याकडं बघतसुद्धा नाही. घेताना नीट बघा, कॅमल कोळंबी दिसायला तशीच असते पण अंगावर पांढऱ्या रेषा आणि पाठीला कुबड, ती घरात आली की झोआच खाईल.

एवढ्यात मागच्या काचेवर जांभळा डाग पसरताना दिसला. घाबरलो, पण या वेळी ब्लेड नाही घेतलं. मोबाईलला मॅक्रो लेन्स लावून डोळे फुटेस्तोवर हात मोजले, बरोबर आठ, आठ म्हणजे मऊ कोरलची जात. जुन्या फ्रॅगवरून सरकत आलेलं ग्रीन स्टार पॉलिप निघालं. हेही पसरतं, पण चटईसारखं, कडेला जुनं एटीएम कार्ड घातलं की सोलून निघतं. काचेवर मी मुद्दाम ठेवलंय, हिरवळ वाटते, फक्त दगडाला टेकायला आलं की पट्टी सोलून त्या तण म्हणणाऱ्या मित्राला देतो.

एक एप्टेजिया ओव्हरफ्लोच्या, म्हणजे टाकीतलं पाणी सांडून खाली जातं त्या कप्प्याच्या, कोपऱ्यात अजून आहे, सिरिंज पोचत नाही तिथं. अण्णा रोज संध्याकाळी येतात, काचेला नाक लावतात आणि विचारतात, "जावई आहे का अजून?"

आहे म्हणतो मी.