नागासाकीतील सेवेचे दिवस : रोजनिशीतील काही पाने

४ फेब्रुवारी, रात्री

आज दिवसभर रॉकेल पोहोचवले. नागासाकी हे शहर बंदराच्या भोवतीच्या डोंगरउतारांवर वसलेले आहे आणि वरच्या कित्येक वस्त्यांपर्यंत गाडी जातच नाही. अरुंद दगडी पायऱ्या, तेवढीच काय ती वाट. तरुण मंडळी नोकरीधंद्यासाठी बाहेर पडली, अनेक घरांना कुलपे लागली आणि मागे राहिलेल्या वृद्धांपुढे हिवाळ्यात हीटरसाठी रॉकेल वर कसे आणायचे, हा प्रश्न उभा राहिला. १८ लिटरचा लाल प्लॅस्टिकचा कॅन भरला की त्याचे वजन १५ किलोच्या आसपास होते. पॅरिशने, म्हणजे येथील स्थानिक चर्चच्या समाजाने, आमच्या हाती घरांची यादी दिली, सोबत येथे अनेक वर्षे राहिलेल्या एक फिलिपिनो सिस्टर दिल्या, आणि वसई, मुंबई व गोव्याहून मिशनसाठी आलेल्या आमच्या तुकडीने ते कॅन वर चढवले.

एका आजींच्या घरी थोडा वेळ थांबता आले. दारात बूट काढून आत गेलो तेव्हा त्यांनी अगोदरच तातामीवर (जमिनीवरच्या चटईवर) वर्तमानपत्राच्या जाड घड्या पसरून ठेवल्या होत्या. हातपंपाची एक नळी कॅनमध्ये आणि दुसरी हीटरच्या टाकीत सोडून त्या गुडघे टेकून बसल्या, टाकीवरच्या लहानशा काट्याकडे एकटक पाहत राहिल्या, आणि काटा भरल्याच्या खुणेशी येताच त्यांनी तळहात उचलला. एक थेंबही खाली सांडला नाही. मग त्यांनी चहा दिला, संत्री दिली, आणि खोलीच्या कोपऱ्यातील छोट्या वेदीकडे नेले. तेथे मरियामातेची मूर्ती, पतीचे छायाचित्र आणि मणी झिजलेली जपमाळ होती. आम्ही जपमाळेचे एक दशक, म्हणजे दहा मण्यांची प्रार्थना, एकत्र म्हटले, त्यांनी जपानीत आणि आम्ही मराठीत. सिस्टरांनी त्या वेळी काहीच भाषांतर केले नाही आणि त्याची गरजही पडली नाही.

५ फेब्रुवारी

आज सकाळी निशिझाका टेकडीवर गेलो. १५९७ साली आजच्याच दिवशी येथे सव्वीस ख्रिस्ती जनांना क्रुसावर चढवून भाल्यांनी ठार मारले गेले. त्यांच्यापैकी वीस जण जपानी होते. सर्वांत लहान लुदोविको इबाराकी अवघा बारा वर्षांचा होता. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकुमाने या लोकांचे कान कापून त्यांची धिंड काढण्यात आली आणि ऐन थंडीत क्योतोच्या बाजूने नागासाकीपर्यंत त्यांना चालवत आणले गेले. स्मारकाच्या भिंतीवर त्यांच्या कांस्यमूर्ती एका रांगेत आहेत, आणि त्या रांगेत आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया आहेत.

लहानपणापासून त्यांचे नाव ऐकत आलो. त्यांच्या नावाचे महाविद्यालय वसईत आहे, किल्ल्यातील पडक्या चर्चशी त्यांची आठवण जोडलेली आहे, आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात त्यांचे चरित्र आम्हाला शिकवले गेले. पोर्तुगीज पिता आणि वसईची माता यांच्या पोटी जन्मलेला हा मुलगा तरुणपणीच जेझुइट संघाच्या धर्मगुरूंचा सहायक म्हणून जपानला आला, भाषा उत्तम शिकला, पुढे मकाव येथे व्यापारी झाला आणि मग मनिला येथे फ्रान्सिस्कन संघाचा ब्रदर (धर्मगुरू नसलेला संन्यस्त) होऊन १५९३ मध्ये त्याच संघाचे धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता यांच्यासोबत दुभाषा म्हणून जपानला परतला. हिदेयोशीसमोर बोलण्यासाठी त्या धर्मगुरूंना गोन्सालोंची वाणी लागत होती. ते स्वतः कधीच धर्मगुरू झाले नाहीत. आज त्या मूर्तीसमोर उभे असताना मला सर्वाधिक महत्त्वाची वाटली ती त्यांनी जपानी भाषेसाठी खर्च केलेली वर्षे. क्रुसावरचे मरण काही तासांचे होते. त्यापूर्वीची चिकाटी मात्र कोणाच्या नजरेत न भरता वर्षानुवर्षे चालली होती आणि तिच्याशिवाय ते या टेकडीपर्यंत आलेच नसते.

७ फेब्रुवारी

काल ओउरा चर्च पाहिले आणि आज उराकामीचे कॅथेड्रल. या दोन ठिकाणांची हकीकत आपल्याकडच्या प्रत्येक युवा मंडळाने मिशनसाठी निघण्यापूर्वी वाचायला हवी, असे मला मनापासून वाटते.

संत फ्रान्सिस झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजी कागोशिमाला उतरले, तेव्हा त्यांच्यासोबत आन्जिरो हा जपानी गृहस्थ होता, ज्याचा बाप्तिस्मा आदल्या वर्षी गोव्यात झाला होता. पुढे ख्रिस्ती धर्मावर बंदी आली, धर्मगुरू मारले गेले किंवा हाकलले गेले, आणि सतराव्या शतकाच्या मध्यानंतर जपानी ख्रिस्तसभा धर्मगुरूविना राहिली. कोण ख्रिस्ती आहे हे ताडण्यासाठी दरवर्षी लोकांना ख्रिस्ताच्या किंवा मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवायला लावत असत. तरीही गावोगावी साध्या शेतकऱ्यांनी आणि कोळ्यांनी कामे वाटून घेतली : एक जण सणांचे दिवस मोजून सांगे, दुसरा बाळांना बाप्तिस्मा देई, आणि प्रार्थना तोंडी पाठ होऊन मुलांकडे जात. ना मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासना), ना पापनिवेदन, ना छापील ग्रंथ. अशा सात-आठ पिढ्या गेल्या.

निशिझाकाच्या त्या सव्वीस रक्तसाक्षींना (श्रद्धेसाठी हुतात्मा झालेल्यांना) १८६२ मध्ये संतपद मिळाले आणि परदेशी लोकांसाठी ओउरा येथे बांधलेले चर्च त्यांनाच अर्पण करण्यात आले. १७ मार्च १८६५ रोजी उराकामी गावातील काही लोक तेथे आले, आणि त्यांच्यातील एका स्त्रीने फ्रेंच धर्मगुरू पेतिजाँ यांच्या कानाशी हळूच सांगितले की तुमच्या मनात जे आहे तेच आमच्याही मनात आहे. आणि मग मरियामातेची मूर्ती कोठे आहे, असे विचारले. बंदी तेव्हाही उठलेली नव्हती. पुढच्या काही वर्षांत उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांना हद्दपार केले गेले, त्यांच्यातील कित्येक जण परतलेच नाहीत. १८७३ मध्ये बंदी सैल झाली तेव्हा जे परतले त्यांनी, ज्या गावप्रमुखाच्या घरी प्रतिमा तुडवून घेत असत तीच जागा विकत घेऊन तेथे कॅथेड्रल उभारले. ९ ऑगस्ट १९४५ रोजी ११ वाजून २ मिनिटांनी अणुबॉम्ब पडला तो या कॅथेड्रलपासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर. त्या पॅरिशच्या सुमारे बारा हजार ख्रिस्ती लोकांपैकी साडेआठ हजार मृत्यू पावले असे सांगतात. सध्याची वास्तू १९५९ मधली आहे.

अशा लोकांकडे अल्पकाळासाठी येणाऱ्या तुकडीने काय न्यावे, हा प्रश्न मी निघताना वेगळ्या शब्दांत विचारत होतो. येथे ख्रिस्ती लोक लोकसंख्येच्या जेमतेम एक टक्का आहेत, हे ऐकून आपल्या मंडळात गाणी, नाटुकली आणि साक्षीचे कार्यक्रम बसवण्याचा उत्साह येतो. तो उत्साह मला चुकीचा वाटत नाही. परंतु पॅरिशने काय मागितले आहे, हे त्याच्या आधी विचारले पाहिजे. या पॅरिशला रॉकेल वर नेणारे हात हवे होते, आणि व्हिएतनाम व फिलिपिन्सहून आलेल्या कामगारांना रविवारच्या इंग्रजी मिस्सेनंतर सोबत हवी होती. आम्ही गेल्यावरही हे काम सिस्टर आणि पॅरिशचे वयस्क लोकच चालवणार आहेत, म्हणून आमचा आराखडा त्यांच्या आराखड्यात बसला पाहिजे.

रात्री सिस्टरांशी बोलून पुढच्या तुकडीसाठी दोन गोष्टी ठरवल्या. पहिली, निवड होताच किमान सहा महिने जपानी शिकायचे, आणि तेही केवळ नमस्कारापुरते नव्हे, तर आजींच्या घरी दहा मिनिटे बसून बोलता येईल इतके. दुसरी, शक्य तोवर त्याच पॅरिशमध्ये, त्याच महिन्यात पुन्हा यायचे, म्हणजे घरांची यादी नवी करावी लागणार नाही. वसईला पोहोचताच मी फादरांना हे लिहून देणार आहे आणि जपानी शिकवणाऱ्या शिक्षकाचा शोध सुरू करणार आहे.