तुम्ही विचारलंत म्हणून: युद्धविराम मोडणारच असेल तर बोलणी कशाला?

मी कॉलेजात आंतरराष्ट्रीय राजकारण शिकवते, त्यामुळे कुठेही युद्धविरामाची बातमी आली की कोणी ना कोणी विचारतंच, "मॅडम, हे लोक हॉटेलात बसून सह्या करतात आणि आठ दिवसांत परत बॉम्ब पडतात, मग उपयोग काय या सगळ्याचा?" इतक्या वेळा विचारलंय की आता एकदा नीट लिहूनच टाकते.

चिडून विचारता ते कळतं मला. सुदानमध्ये मे 2023 ला लष्कर आणि त्याच्याशी लढणारं निमलष्करी दल आरएसएफ, दोघांनी सौदी अरेबियात जेद्दाला सही केली की सामान्य लोकांना हात लावणार नाही, आणि खार्तूममधली लढाई तशीच चालू राहिली. गाझातला जानेवारी 2025 चा युद्धविराम मार्चमध्ये मोडला. हे बघून कोणाचाही विश्वास उडेल.

पण मोडला म्हणून वाया गेला, हे मला अजिबात पटत नाही. एल साल्वादोरमध्ये 1985 ला गृहयुद्ध ऐन भरात होतं, तेव्हा युनिसेफ आणि चर्चच्या लोकांनी सरकारशीही बोलून आणि बंडखोरांशीही बोलून तीन रविवार ठरवून घेतले, त्या दिवशी गोळीबार बंद, फक्त मुलांचं लसीकरण. सोमवारपासून परत लढाई! तरी पुढे युद्ध संपेपर्यंत हे दरवर्षी होत राहिलं. युद्ध 1992 पर्यंत चाललं, पण ज्या पोराला गोवराची लस मिळाली ती काही कोणी परत काढून घेतली नाही. सुदानमध्येही 1995 ला जिमी कार्टर यांनी नारूच्या रोगावर काम करता यावं म्हणून जवळपास सहा महिने लढाई थांबवून घेतली होती. नारूसाठी, विचार करा.

आणि बोलणी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हस्तांदोलनाचा फोटो येतो, खरं काम मात्र फार रटाळ असतं, कुठला रस्ता, किती वाजता, गाडी कोण तपासणार, तक्रार कोणाकडे करायची. काळ्या समुद्रातला धान्याचा करार, म्हणजे युद्धामुळे अडकलेलं युक्रेनचं धान्य जहाजांनी बाहेर काढण्याचा करार, मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. 22 जुलै 2022 ला इस्तंबूलला झाला, पण रशिया आणि युक्रेनने एकमेकांशी करार केलाच नाही, दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर तुर्कस्तान आणि संयुक्त राष्ट्रांबरोबर सह्या केल्या. दुसऱ्याच दिवशी युक्रेनच्या ओडेसा बंदरावर क्षेपणास्त्रं पडली आणि सगळे म्हणाले, झालं, संपलं. तरीही 1 ऑगस्टला पहिलं जहाज 26 हजार टन मका घेऊन निघालं, कारण यंत्रणा बारकाईने लावलेली होती, इस्तंबूलजवळ जहाज थांबवायचं, रशियन, युक्रेनियन, तुर्की आणि संयुक्त राष्ट्रांचे तपासनीस एकत्र वर चढणार, जाताना शस्त्रं नाहीत ना बघणार आणि येतानाही परत बघणार. म्हणजे ज्यांचे सैनिक एकमेकांवर गोळ्या झाडतायत त्यांचे अधिकारी एकाच डेकवर उभे राहून धान्याची कोठारं तपासतायत. वर्षभरात जवळपास 3.3 कोटी टन धान्य बाहेर पडलं, मग जुलै 2023 मध्ये रशिया बाहेर पडला आणि करार संपला. मी याला अपयश म्हणणार नाही.

इथे एक गोष्ट मात्र ठासून सांगते. अन्न आणि औषधं ही बोलण्यांतली सोंगटी नाही. तुम्ही अमुक मान्य करा मग ट्रक सोडतो, हे चालणार नाही, लोकांना उपाशी ठेवणं हे युद्धाचं हत्यार म्हणून वापरायला 1977 च्या जिनिव्हा प्रोटोकॉलने बंदी आहे आणि 2018 मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव 2417 करून त्याचा निषेधही केलाय. युद्धविराम झाला नाही तरी मदत जायलाच हवी. ती अडवली की मध्यस्थांचा अर्धा वेळ ट्रक सोडवण्यातच जातो आणि मूळ भांडण बाजूलाच राहतं.

आता कायमची शांतता. ती वेगळीच गोष्ट, आणि इथे घाई करून काही होत नाही. कोरियाच्या युद्धात बोलणी जुलै 1951 ला सुरू झाली आणि सही व्हायला जुलै 1953 उजाडला, मधल्या काळात माणसं मरतच होती, आणि सगळ्यात जास्त अडलं कशावर तर युद्धकैद्यांवर, ज्यांना मायदेशी परत जायचंच नाही त्यांचं काय करायचं! शेवटी तटस्थ देशांचा आयोग नेमला, अध्यक्ष भारताचे जनरल थिमय्या, आणि कैद्यांना सांभाळणाऱ्या भारतीय तुकडीचे प्रमुख मेजर जनरल थोरात. बावीस हजारांहून जास्त कैदी होते. तो युद्धविराम आजही टिकून आहे, पण शांतता करार अजून झालेला नाही. म्हणजे बंदुका गप्प झाल्या तरी पुढचं काम आपोआप होत नाही.

उत्तर आयर्लंडमध्ये उलट झालं. आयआरए, म्हणजे तिथल्या ब्रिटिश राजवटीविरुद्ध लढणारी सशस्त्र संघटना, तिचा 1994 चा युद्धविराम फेब्रुवारी 1996 मध्ये लंडनमधल्या स्फोटाने मोडला, 1997 ला परत लागू झाला, आणि एप्रिल 1998 मध्ये गुड फ्रायडे करार, म्हणजे तिथला शांतता करार, झाला. शस्त्रं खरोखर निकामी झाली हे जाहीर व्हायला 2005 उजाडलं, तेही साक्षीदार म्हणून एक कॅथलिक आणि एक प्रोटेस्टंट, म्हणजे दोन्ही समाजांचा एकेक धर्मगुरू समोर ठेवून. 1996 ला सगळ्यांनी "बघा, मोडला ना" म्हणून टेबल सोडलं असतं तर?

शेवटी तुम्ही हेही विचारता की यात सामान्य माणसांचं काय चालतं. पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाच्या बायका बघा, तिथे गृहयुद्ध चालू होतं. 2003 मध्ये घानात अक्राला बोलणी चालली होती, आठवडेच्या आठवडे, आणि देशात राजधानी मोन्रोव्हियावर तोफगोळे पडत होते. तेव्हा लायबेरियाची शांतता कार्यकर्ती लेमा बोवी आणि तिच्याबरोबरच्या बायका, ख्रिश्चन आणि मुस्लिम दोन्ही, सभागृहाच्या दाराशी जाऊन बसल्या, हात एकमेकींच्या हातात अडकवून, की करार केल्याशिवाय आतल्यांना बाहेर सोडणार नाही. 18 ऑगस्टला करार झाला. संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना त्यानंतर तिथे जवळपास पंधरा वर्षं राहिली, आणि 2018 मध्ये परत गेली.